चौदाव्या मजल्याचा जिना

"दारांना हे रंगाचे डबे कुणी लावले?" दिव्यांची चाचणी घ्यायला आलेला मच्छिंद्र गायकवाड जिन्यातून ओरडला. खराडीतल्या त्या अठरा मजली इमारतीत जिन्याचं एकूण एक पोलादी दार डबा लावून उघडं ठेवलेलं.

कारण त्याला ठाऊक होतं, आणि त्याचीच शिसारी आली होती. आणीबाणीचे दिवे बिनतारी होते. सायरन वाजला की पेटण्याचा निरोप एक दिवा दुसऱ्याला देणार, दुसरा तिसऱ्याला. दार मिटलं की निरोप पोलादापाशी अडायचा. म्हणून दारं उघडी ठेवून चाचणी पास! आणि आग लागल्यावर दारं आपोआप मिटतात, त्याचं काय?

त्याने लाथेनेच डबे सरकवले, दारं लावून घेतली आणि चाचणी पुन्हा घेतली. एकशे आठांपैकी एकतीस दिवे पेटलेच नाहीत. चौदाव्यापासून खाली पाच मजले सलग काळोख.

"काका, रविवारचं, दारं उघडी असतानाचं रीडिंग टाका ना," त्याच्या कंपनीचा मॅनेजर आमोद म्हणाला. "उद्या इमारत मालकांच्या ताब्यात द्यायचीय, हँडओव्हर आहे."

"आग लागली तर आपण लिफ्टने उतरणार का?"

"चिल, काका. आग काय रोज लागते?"

"नाही ना. म्हणूनच तुमचं फावतं."

मच्छिंद्रने अहवालात 'नापास' लिहिलं. आमोदने ते त्याच्यादेखत पुसून 'पास' केलं, स्वतःची सही ठोकली आणि त्याला दुसऱ्या साइटवर पाठवायचं ठरवून टाकलं. मच्छिंद्रने मोठ्या साहेबांना मेल केला. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'नोटेड.' शी! एवढी शिकलेली माणसं, आणि लाज नावाला नाही.

परतताना चौदाव्यावर सफाईवाली मैना फरशी पुसत होती.

"ताई, रोज जिन्यानेच उतरता?"

"मग! सफाईवाल्यांना लिफ्टला मनाई हाय ना."

मच्छिंद्रने जिन्यातले दिवे मालवले.

"अगं बाई! काय करताय सायेब?"

"सायरन वाजला तर उजेडाची वाट बघू नका. डावा हात कठड्यावर. बारा पायऱ्या, वळण, परत बारा. मोजा."

"मी काय ल्हान पोर हाय का?" मैना हसली. तो हसला नाही. तशी ती चाचपडत उतरू लागली.

"धा... अकरा... बारा," काळोखातून तिचा आवाज आला. "वळले, सायेब."

"मोजत राहा," मच्छिंद्र म्हणाला, आणि तिच्यामागून उतरू लागला.