कुलदीपचा सदरा

कुलदीप जाऊन वर्ष झालं, तरी त्याचा निळा सदरा बायनाबाईनं खुंटीवरून हलवला नव्हता. संध्याकाळी कोळशाच्या ट्रकवरून येऊन त्यानं तो लटकवला आणि दुसऱ्या दिवशी घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रक उलटला. कॉलरवर कोळशाची काळी रेघ, काखेत घामाचे पांढरे डाग, खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास. जिवंतपणी या खर्र्यावरून तिनं पोराचं डोकं खाल्लं होतं. आता दार लोटून ती त्याच खिशात नाक खुपसून बसायची. तिच्या नवऱ्याला, देवरावला, सगळं ठाऊक होतं. म्हणून तो मुद्दाम खोकत घरात शिरायचा. भला माणूस.

बायनाबाईच्या बहिणीची मुलगी सरिता चंद्रपुरातल्याच एका शाळेत चित्रकला शिकवायची. ती एक दिवस बातमी घेऊन आली. आफ्रिकेतल्या घाना देशाची अकोसुआ नावाची चित्रकार शहरात आली होती. ही बाई रंग वापरतच नसे. ओझी वाहणाऱ्या, खाणीत राबणाऱ्या माणसांचे अंगावरचे कपडे जोडून ती भिंतीएवढाली माणसं शिवायची. ज्यांच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, त्यांची. इथल्या कोळशावरच्या माणसांचंही तिला तसं चित्र करायचं होतं. त्यातल्या माणसाच्या छातीशी कुलदीपचा सदरा लावावा, असं सरितानं सुचवलं होतं.

बायनाबाईचं काही दिवस ठरेना. सदरा दिला तर आपल्याला उरतं काय, आणि नाही दिला तर पोराला या घराबाहेर ओळखणार कोण? चित्र देशोदेशी जाईल, लोक त्याच्यापुढं थांबतील, या एका गोष्टीनं शेवटी तिचं मन वळलं. ती हो म्हणाली.

पाहुणी येणार त्या सकाळी बायनाबाईनं जे केलं, ते त्या वस्तीतल्या कुठल्याही बाईनं केलं असतं. तिच्या सासूनं छप्पन साली चंद्रपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून घराला एकच शिस्त होती, अंगावर ठिगळ चालेल पण मळ चालणार नाही. ज्यांना पिढ्यानपिढ्या घाणेरडे म्हणून लांब ठेवलं, त्यांनी चारचौघांत जाताना स्वच्छच जायचं. आणि कुलदीप तर परमुलखात चालला होता. तिनं सदरा साबणात भिजवला, कॉलर ब्रशनं घासली, उन्हात वाळवून इस्त्री करून आणला. धुताना ती रडली नाही. पोराला शाळेत धाडायचं असावं तशी तिच्या हातांची घाई चालली होती.

दुपारी अकोसुआ सरितासोबत आली, चटईवर बसली, चहा प्याली. बायनाबाईनं घडी केलेला सदरा दोन्ही हातांनी पुढं केला. अकोसुआनं तो उलगडला, कॉलर पाहिली, काख पाहिली आणि सरिताकडे पाहिलं. सरिताचं तोंड उतरलं. ते डागच तर हवे होते. चित्रं करणाऱ्यांना ही गोष्ट इतकी उघड होती की मावशीला सांगायला हवं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शिकलीसवरली माणसं अशीच शेण खातात. आता सांगणं भाग पडलं.

"धुवाले नाई पाह्यजे होतं का?" बायनाबाईनं विचारलं.

तिनं सदरा ओढून घेतला, खिसा हुंगला. मग कॉलर, मग काख. सगळीकडे साबण. पोरगा खरा गेला तो आज, आणि आपणच त्याला मोरीत सोडून दिला, हे तिला कळलं आणि ती रडू लागली. दाराशी उभ्या देवरावनं पुढं येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याचेही डोळे वाहत होते.

अकोसुआ जवळ सरकून हळू आवाजात काही बोलली.

"मावशी, थे म्हनते, तिच्या मायनंई धुतलाच असता," सरिता म्हणाली. "तिकडं त्याइलेबी लोकं घानेरडेच म्हनत."

बायनाबाईनं सदऱ्याची नीट घडी घातली आणि तो पाहुणीच्या मांडीवर ठेवला.

"सकाळपरेंत वाटत होतं, देऊन तर राह्यली, पन मंग जगू कशी," ती म्हणाली. "आता घेऊन जा म्हना. याच्यात कुलदीप नाई. कोनाचाबी सदरा आहे हा."

चित्र सगळीकडे फिरून झालं की सदरा उसवून परत पाठवीन, असं अकोसुआनं सरिताकडून सांगितलं. बायनाबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"वापस नोको धाडू म्हना. घरात आला, त मले पुन्हा हुंगून पाहावंसं वाटन."