रविवारचा हिरवा रंग

मालनच्या साखरेची तपासणी मी करायचो. दर रविवारी. बाकीच्या दिवशी मला सहाच्या आत घर सोडावं लागायचं, विक्रोळीच्या कारखान्यात पहिली पाळी असायची. म्हणून रविवार. दुसरं काही कारण नव्हतं.

घाटकोपरला भटवाडीत आमची दहा बाय बाराची खोली. मूलबाळ नाही. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मालनला तहान लागायला लागली. हंडाभर पाणी संध्याकाळपर्यंत पुरेना. चाळीच्या टोकाला संडास, तिथे तिच्या सारख्या फेऱ्या. शेजारच्या सुंदराबाई दारात बसून तांदूळ निवडायच्या. त्या म्हणायच्या, "काय गं मालन, तिकडचा पास काढून देऊ काय तुला?" मालन हसायची. वजन उतरलं तर बायका म्हणाल्या, झकास झालीस, आम्हालाही सांग काय खातेस ते. मीही म्हणालो, बरी दिसतेस.

मग रात्री ती लघवीला बसायची त्या मोरीत मुंग्या लागल्या. मालनच म्हणाली, "अहो, माझ्या आईला अशाच लागायच्या."

नाक्यावरच्या डॉक्टरांनी साखर सांगितली. रोज सकाळी एक गोळी. मला काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली घ्यायला लावली. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्टोवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टर म्हणाले, "गोड बंद, भात कमी. आणि जेवायचं नसेल तेव्हा गोळी घ्यायची नाही, चक्कर येऊन पडाल." आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

मालन सोमवार करायची. त्र्याऐंशीला मला कावीळ झाली होती, तेव्हा माझ्यासाठी धरला होता. मी उठलो, पण तिने तो सोडला नाही. गुरुवार दत्ताचा, तो माहेरचा. मंगळवार मी सांगितला. हे लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, "खाण्यानेच साखर वाढते ना? मग आणखी एक उपास कर. देवीचंही होईल, तुझंही होईल."

"तुम्हाला काय, खिचडी आयती मिळते," ती म्हणाली.

"मग? तुझ्या खिचडीसाठीच तर लग्न केलं."

आणि खरंच मी खायचो. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, वर दही. कधी उकडलेलं रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू. साखरेच्या माणसाने यातलं काय खावं, हे आम्ही कुणाला विचारलं नाही. उपासाचं खाणं म्हणजे आमच्या हिशेबी खाणंच नव्हे. चहात मात्र ती साखर घालत नसे. कुणाच्या लग्नातला पेढासुद्धा मी तिच्या हातातून काढून घेतला होता.

रविवारी नळी हिरवी यायची. कधी हिरवट निळी. मी ती खिडकीशी धरून तिला दाखवायचो. ती म्हणायची, "पास झाले का?" मी वहीत 'हिरवा' लिहायचो. महिन्याने डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "छान, हेच चालू ठेवा." त्यांनी वारांचं विचारलं नाही. आम्हाला सांगायचं सुचलं नाही.

नवरात्र आलं. नऊ दिवस उपास आणि पायांत चप्पल नाही. दुसऱ्या माळेला रविवार होता. नळी पिवळसर आली. मी म्हणालो, औषध जुनं झालं असेल. चौथ्या माळेला मंडपातून येताना तिच्या टाचेत काच गेली. तिला कळलंही नाही. सुंदराबाई जमिनीवरचं रक्त पाहून ओरडल्या तेव्हा कळलं. मी काच काढली, हळद भरली. ती म्हणाली, "दुखत नाही हो." मला वाटलं, सोसते आहे. कौतुकच वाटलं.

शुक्रवारी, सातव्या माळेला, मी पाळीवरून आलो तर ती निजलेली. पाय सुजून लाल झाला होता. दोनदा उलटी झाली म्हणाली. पाणी मागत होती, पण नीट बोलत नव्हती. मला वाटलं, उपासाने गळाली. मी साखर घालून लिंबू सरबत दिलं. दोन पेले. माझ्या हाताने.

सुंदराबाई आत आल्या. "भाऊ, ही मला ओळखत नाही. तुमची ती नळी लावा."

"आज शुक्रवार आहे," मी म्हणालो.

"शुक्रवार असू दे नाहीतर काहीही असू दे. लावा आधी."

लावली. उकळायच्या आतच लाल झाली. भिजल्या विटेसारखी.

रिक्षाने इस्पितळात नेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई होती. साखर सहाशेच्या वर आहे म्हणाली, पायातलं विष वर चढलंय म्हणाली. मग विचारलं, "गोळ्या चालू होत्या?"

"रोज," मी म्हणालो.

"घेऊन या पाहू."

मी घरी येऊन फडताळ उघडलं. गोळ्यांची पाकिटं रबर लावून नीट ठेवलेली. चार महिने दर महिन्याला मी गोळ्या आणत होतो, अर्ध्या तशाच होत्या. मी त्या डॉक्टरीणबाईच्या टेबलावर ठेवल्या. तिने त्या मोजल्या.

"अहो, उपासाच्या दिवशी घेत नव्हत्या का?"

"उपासाला जेवण नसतं," मी म्हणालो. "न जेवता घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मग खायच्या काय?"

मी सांगितलं. तिने पाकिटांना परत रबर लावलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यातले तीन दिवस गोळी नाही, नवरात्रात तर एकही दिवस नाही, आणि वर साबुदाणा. शुक्रवार, शनिवार गोळी घेऊन रविवारी हिरवा. मी चार महिने फक्त रविवार बघत होतो. मंगळवारचा रंग काय होता, ते मला कधीच कळणार नाही.

मालन रविवारी सकाळी गेली. त्याच वेळेला मी स्टो पेटवायचो.

तेराव्याला आलेल्या बायका म्हणत होत्या, देवीच्या दिवसांत गेली, पुण्यवान होती. नवऱ्यासाठी उपास करून गेली. एक म्हणाली, "सवाष्ण गेली, आणखी काय पाहिजे?" मी म्हणालो, "ती पाहिजे."

पुढच्या सोमवारी सुंदराबाई झाकलेली ताटली घेऊन दारात आल्या. वाईट मनाच्या नाहीत त्या. डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, मालनचा सोमवार तुम्ही चालवा आता. तिच्या जिवाला बरं वाटेल. खिचडी आणलीय, अगदी तिच्यासारखी."

वासावरूनच कळत होतं. दाण्याचं कूट, जिरं, मिरची. मला भूक लागली होती. याचीही लाज वाटली.

"बाई, भाकरी आहे का घरात?" मी विचारलं.

"भाकरी? आज? सोमवारी?"

"हो, सोमवारी."

त्या ताटली घेऊन परत गेल्या. मी डब्यातून पीठ काढलं आणि परातीत मळायला घेतलं. मालन असताना कधी मळलं नव्हतं. भाकरी तव्यावर फाटली, एका बाजूने करपली. तशीच मिठाबरोबर खाल्ली. दार उघडं ठेवून खाल्ली. जाणारे-येणारे बघत होते.