गल्ल्यामागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, उंच पायांची लाकडी खुर्ची आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात एका सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं. हचिन्स नावाच्या गृहस्थांच्या किराणा दुकानात मी आले, तेव्हा वाटलं, आता दमलेली माणसं माझ्यावर टेकतील. पण नशिबी आलं मागचं कोठार. वरच्या फळीवरचे डबे काढायला लोक बुटांसकट माझ्यावर चढत.

पुढे गल्ल्यावर युलालिया बारागान उभी असायची. एकोणीस वर्षं, रोज आठ तास. जेवणाच्या सुट्टीत ती कोठारात येई, माझ्यावर बसून सुजलेले घोटे चोळी. एकदा खाता खाता ती भिंतीवरचा फलक वाचत राहिली. कामगारांच्या नियमांचा तो फलक लावावाच लागतो म्हणून लावलेला. वाचत कोणी नसे. त्यात तिला एक ओळ सापडली. बसून करता येण्यासारखं काम असेल, तर मालकाने बसायला जागा द्यायलाच हवी.

तिने तडक मला उचललं आणि गल्ल्यामागे नेऊन ठेवलं.

"हे काय मांडलंयस?" हचिन्स ओरडले. "गिऱ्हाइकांना वाटेल, इथे सगळे आळशी भरलेत!"

"मी काही झोपा काढत नाहीये, मिस्टर हचिन्स. आपल्या राज्याचा नियमच आहे तसा."

"नियम मला शिकवू नकोस."

मी परत कोठारात. पुढच्या आठवड्यात युलालियाच्या पाच पाळ्यांच्या दोन झाल्या. माझ्यावर बसूनच ती रडली. मग डोळे पुसले आणि माझ्यावर बसूनच राज्याच्या कामगार कार्यालयाला पत्र लिहिलं. पाळ्या कापल्याचंही त्यात लिहिलं.

काही आठवड्यांनी तपासणीला एक बाई आल्या. "खुर्ची आणा," त्या म्हणाल्या. "यांना बसून काम करू द्या. मी बघते."

तासभर युलालिया माझ्यावर बसली. पीच, टोमॅटो, मक्याची कणसं तिच्या हाताखालून सरसर पुढे जात होती. रांग कुठे अडली नाही. उलट एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "बरं झालं, बाई! तुला उभं बघून माझेच गुडघे दुखायचे." सगळे हसले. हचिन्स तेवढे हसले नाहीत.

तपासणीनंतर युलालियाला तिच्या पाळ्या परत मिळाल्या. प्रत्येक गल्ल्यामागे एकेक खुर्ची आली. पण त्या सगळ्यांत थोरली मीच!

युलालिया आता निवृत्त झाली आहे. माझाही एक पाय डुगडुगतो, तेवढा कोणी आवळला तर बरं होईल. मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना जपा. आणि कोणी उगीच उभं दिसलं, तर त्याला आमच्याकडे बोलवा.

गेल्या सोमवारी पहोआ वांग नावाची नवी बाई गल्ल्यावर आली. तिचा पहिलाच दिवस. तिने मला जवळ ओढलं आणि बसली. कोणाला विचारलंसुद्धा नाही.