मागच्या सीटवरचा आवाज

दवनीवाड्याच्या केशोरावांना आपल्या गाडीबद्दल कुणी वावगं बोललेलं खपत नसे. अठरा वर्षांची जुनी व्हॅन. पण तिचं नाव काढलं की गृहस्थ नाकावर माशी बसू देत नसत. त्यामुळे डायलिसिसला जाताना बायको, नंदाबाई, मागून म्हणायची, "अजी, मांगं काईतरी घुमून राह्यलं," तेव्हा ते आरशातूनच फटकारायचे, "मंग मले काऊन आयकू येत नाई? तुयेच कान वाजत असतील."

दोन-तीनदा सांगून तिनं सांगणं सोडलं. आणि या मंगळवारी तिनं जाणंच सोडलं. आठवड्यातून दोनदा गोंदियाला जायचं, चार तास त्या मशीनला जोडून पडायचं आणि येताना मागच्या सीटवर आडवं व्हायचं, असं आठ महिने चाललं होतं. "मशीनचं काई नाई, पर त्या गाडीत हाडं खिळखिळी होतेत. मले नाई जमत आता," म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसरी गाडी सांगतो म्हटलं, तर परक्याच्या गाडीत उलटी झाली तर, म्हणून हटून बसली. डायलिसिसच्या लागोपाठ दोन वेळा चुकल्या तर जीवाशी गाठ आहे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एक चुकली होती. दुसरी शुक्रवारी होती.

गुरुवारी सकाळीच केशोराव कुडव्याला हिरालाल मिस्त्रीकडे गेले. तेही तावातावानं. गाडीत काही बिघाड नाही, एवढं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि घरी जाऊन तिला ऐकवायचं. हिरालालनं टायर पाहिले, चाकं हलवून पाहिली, मग चावी मागितली.

"गाडी मी चालवतो, भाऊ. तुमी मांगं बसा."

"मी कायले मांगं?"

"समोर बसणाऱ्याले मांगचा आवाज समजत नाई. बैठो तो सही."

अठरा वर्षांत केशोराव स्वतःच्या गाडीत मागे कधी बसलेच नव्हते. बिरसीच्या रस्त्यावर गाडीनं चाळिशी गाठली आणि सीटखाली घूंऽऽ सुरू झालं. पन्नासला ते मणक्यात शिरलं. वळणावर वाढायचं, हिरालालनं पाय उचलला की सूर बदलायचं. केशोराव आडवे झाले, नंदाबाई पडायची तसे. दातावर दात आपटू लागले. आपण धडधाकट माणूस, तरी पाच मिनिटांत नको झालं. ती तर सुया टोचलेला हात पोटाशी धरून, उलटी दाबत, घर येईस्तोवर अशी पडून राहायची. आणि आपण पुढून विचारायचो, झोपली का वो?

"थांबव," ते म्हणाले. हिरालालला वाटलं, चक्कर आली. ते उतरले आणि धानाच्या बांधीपाशी उभे राहून हमसून हमसून रडले.

दुपारी चाक खोललं. डावीकडचं बेअरिंग पार खाल्लेलं निघालं. हिरालालनं नवं बसवलं. पण मागच्या एक्सलमधली दातेरी चाकंही झिजली होती. "हे सामान आता भेटत नाई, भाऊ. नागपूरच्या भंगारात शोधा लागन, पंधरा-वीस दिवस जातीलच. हादरे कमी झाले, पर आवाज राहीन."

शुक्रवारी केशोरावांनी सीटवर दोन गाद्या टाकल्या आणि बायकोच्या खाटेपाशी येऊन बसले. "नंदे, तू खरं सांगत होती. मी मांगं बसून पाह्यलं. चूक माईच होती."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. नंदाबाई भिंतीकडून त्यांच्याकडे वळली. मग तिनं उठवा म्हणून हात पुढे केला.

गाडी गावाबाहेर पडली. केशोराव चाळीसच्या वर जात नव्हते. आता त्यांना समोर बसूनही ते घुमणं ऐकू येत होतं. मागे ते किती मोठं असेल, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

"वाजून राह्यलं का वो?" त्यांनी विचारलं.

आरशात नंदाबाई दिसत होती. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, आणि एका हातानं तिनं पुढच्या सीटची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"नाई जी," ती म्हणाली. "आता एकदम बंद झालं. तुमी चला आरामानं."