पाचव्या खाटेसमोरची भिंत

खरवड

"फुलांतून जंतू जातात आत," पहारेकरी म्हणाला.

"आणि माझ्यातून जात नाहीत वाटतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

दवाखान्याच्या मागच्या कुंपणभिंतीचे पोपडे काढणाऱ्या रंगाऱ्याला शिडीवरच हसू फुटलं. म्हाताऱ्यानं वर पाहिलं आणि मुठीतली पिवळी रानफुलं सरळ त्याच्याकडे दिली. पाच मिनिटं सांभाळ म्हणाला, पिंपात जायला नकोत. दारातलं पिंप काढून घेतलेल्या फुलांनी काठोकाठ भरलं होतं.

तासाभरानं म्हातारा बाहेर आला तेव्हा फुलांनी माना टाकल्या होत्या. त्यानं बोटानं दाखवलं: तळमजला, शेवटची खिडकी, पाचवी खाट. बायको दीड महिना एकाच कुशीवर. दिसते ती ही भिंत, बाकी काही नाही.

"तिला फुलं दाखवायची होती, एवढंच," तो म्हणाला आणि फुलं तिथंच ठेवून गेला.

पहिला हात

तीस वर्षांत रंगाऱ्यानं फक्त भिंती पांढऱ्या केल्या होत्या. चित्र म्हणावं तर कागदावर मांजरही काढलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं पिंप उपडं केलं. कुणाकुणाची फुलं ती. ओळखदेख नसलेली माणसं एकेक करून दारात हिरमुसली असतील. त्यानं शिडीच्या पायरीपायरीवर ती मांडली, मधोमध म्हाताऱ्याची. मग दवाखान्याच्या कामातून उरलेले डबे उघडले. दाराच्या अडसराचा पिवळा, आगीच्या बादल्यांचा लाल, खिडकीच्या गजांचा हिरवा. सगळा तेलरंग.

पहिलं फूल फुटक्या अंड्यासारखं झालं. त्यावर त्यानं दुसरं काढलं. संध्याकाळपर्यंत अर्धी भिंत भरली.

दुसऱ्या दिवशी नर्स खिडकीतून म्हणाली, "आजी विचारतायत, मधलं पिवळं कुठलं?"

"नाव नाही ठाऊक. त्यांच्या मालकांना विचारा."

ती आत जाऊन परत आली. "मालक म्हणतात, गटाराकाठचं आहे. आजी म्हणतात, तरीच इतकं माजलंय."

गजांमागे एक हात उचलला गेला. हाडकुळा, सलाईनची पट्टी लावलेला.

दुसरा हात

"पांढरी सांगितली होती ना?" व्यवस्थापक.

"होईल पांढरी, साहेब."

"आत्ता. माझ्यासमोर. आणि उद्यापासून यायचं नाही."

म्हणजे बाकीच्या तीन भिंतींचं कामही गेलं. रंगाऱ्यानं चुना कालवला. तेलरंगावर चुना धरत नाही, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी कळतं. आधी पॉलिशकागद मारून चकाकी घालवावी लागते. साहेबांनी कागद मार म्हटलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

खिडकीकडे पाठ करून त्यानं सावकाश, नेटका हात मारला. साहेब समाधानानं गेले.

पोपडे

तीन आठवडे कडक ऊन पडलं. मग रंगारी भिंत बघायला आला. पहारेकऱ्यानं त्याला पाहिलं आणि मुद्दाम चपलेचा अंगठा नीट करत बसला.

खिडकीतली पाचवी खाट रिकामी होती. गादी दुमडलेली.

भिंतीपाशी म्हातारा उभा होता. काखेत बायकोची पिशवी, वरून तिच्या चष्म्याची दांडी डोकावत होती. चुन्याला भेगा गेल्या होत्या. त्यानं नखानं एक पोपडा उचलला. खाली पिवळं लखलखलं. दुसरा उचलताना नख तुटलं.

"अरे, तू," तो म्हणाला.

आतून व्यवस्थापकाची हाक आली, कोण आहे तिथे म्हणून. दोघांनीही वळून पाहिलं नाही. रंगाऱ्यानं खिशातली खरवडायची लोखंडी पट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.