टँकांच्या वाटेवरून

स्टॅनमोरहून गाडीवर सायकली बांधून अक्षया आणि तिचे सासरे पुरुषोत्तम सकाळीच डॉर्सेटला पोचले होते. तिचा नवरा यतीनही यायचा होता, पण ऐनवेळी त्याचं ऑफिसचं काम निघालं. बायपासला वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी बाबांना सायकल चालवायची परवानगी दिली होती, तीही बॅटरीवरची. सासूबाईंना हे काही पटलेलं नव्हतं.

वाट सव्वीस किलोमीटरची होती. आधी हीथचं, म्हणजे खुरट्या झुडपांचं, उघडं माळरान, मग पाइनचं जंगल, शेवटी शेतं. माळ हीदरच्या जांभळ्या फुलांनी नुसता फुलून आला होता. बाबा दर पाच मिनिटांनी थांबत. "ह्या टेकड्या नव्हेत हं, थडगी आहेत. हजारो वर्षांपूर्वीची." पुढे काँक्रीटचा जुना रस्ता लागला. दुसऱ्या महायुद्धात टँकांच्या सरावासाठी केलेला. रेल्वेत इंजिनियर म्हणून हयात गेलेल्या बाबांनी उतरून त्यावर बूट आपटून पाहिला. "ऐंशी वर्षं झाली, बघ. तडा नाही!"

अक्षयाचं लक्ष मात्र मागे होतं. पाच आठवडे पावसाचा थेंब नव्हता आणि माळाच्या टोकाला धुराची एक रेघ उठली होती. बघता बघता ती रुंद झाली. वारा फिरला आणि जळक्याचा वास सरळ नाकात शिरला.

"बाबा, चला. पटकन चला."

तिने ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन लावला. आग लागलीय, आम्ही दोघं आहोत, एवढं सांगेपर्यंत रेंज गेली.

पुढे फाटा होता. सायकलवाटेचा बाण उजवीकडे पाइनच्या दाट सावलीत शिरत होता. काँक्रीटचा रस्ता सरळ, उघड्या माळातून जात होता आणि त्याच्या डाव्या हाताला आता ज्वाळा दिसत होत्या. अक्षयाने सायकल उजवीकडे वळवली.

"तिकडे नको!" बाबा ओरडले. "पाइनमध्ये राळ असते. पेटलं तर बाहेर पडता यायचं नाही. काँक्रीट जळत नाही, सरळ चल!"

आगीच्या इतक्या जवळून जायचं? तरी ती सरळ निघाली.

काटेरी गॉर्सची झुडपं फटाक्यांसारखी तडतडत होती. धुराने डोळे चुरचुरू लागले. रस्त्याच्या टोकाला शेताचं गेट दिसलं तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. बाबांची सायकल आडवी पडली होती आणि ते छातीवर हात धरून रस्त्यात बसले होते.

"दम... लागला. तू हो पुढे. कोणाला तरी घेऊन ये."

"मी कुठेही जाणार नाहीये!"

"अक्षया, ऐक माझं."

"तुम्ही ऐका! उठा!" सासऱ्यांवर ती जन्मात कधी ओरडली नव्हती. तिने त्यांना काखेत धरून उभं केलं, स्वतःच्या सायकलवर बसवलं आणि एका हाताने हँडल, दुसऱ्याने त्यांच्या शर्टाची कॉलर धरून ती ढकलत पळत सुटली. एक ठिणगी तिच्या मनगटावर पडली. हात झटकायलाही तिला सवड नव्हती.

गेटला साखळी होती. कुलूपही होतं. पलीकडे एक बाई ट्रॅक्टरने शेताच्या कडेची माती नांगरत होती, आग शेतात शिरू नये म्हणून. अक्षया जीव खाऊन किंचाळली. इंग्रजीत की मराठीत, ते तिला नंतरही आठवेना. बाई उडी मारून धावत आली, तिने किल्लीने कुलूप काढलं आणि दोघींनी बाबांना उचलून नांगरलेल्या मातीत नेलं.

मागे, अक्षया वळणार होती त्याच जंगलाच्या शेंड्यांवरून आग झेपावत गेली. तिने मान वळवली आणि लगेच फिरवली. तिला तिथेच ओकारी आली.

बाईने फोन करून बोलावलेली अँब्युलन्स वीस मिनिटांत आली. हृदय ठीक होतं, धूर मात्र बराच छातीत गेला होता. बाबांना ऑक्सिजन लावला. "यू कॅन लेट गो नाऊ, लव्ह," पॅरामेडिक दोनदा म्हणाला. मग त्याने हलक्या हाताने तिची एकेक करून बोटं बाबांच्या कॉलरवरून सोडवली. ती आपली आपण उलगडतच नव्हती.