कोबेत जवळ्याचे गोळे

गोपाळकृष्ण जपानला निघाल्याची बातमी कर्जतच्या बाजारपेठेत त्याच्या आधीच फिरून आली होती. खोपोलीजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात तो नोकरीला होता आणि कारखाना त्याला तीन महिने कोबे शहरात काम शिकायला धाडत होता. मग काय, जो भेटेल तो काहीतरी आणायला सांगायचा. कुणी रेडिओ सांगितला, कुणी घड्याळ, कुणी बायकोसाठी घडीची छत्री. ठकूबाईने मुलगा सांगितला.

तिचा वाल्मिक शाळेत गोपाळकृष्णाच्या वर्गात होता. शाळा सुटल्यावर तो माथेरानच्या एका हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली राहिला, तिथून बोटीवर भटारखान्यात लागला, आणि दोन वर्षांपूर्वी कोबेला बोट लागली असताना उतरला तो परत चढलाच नाही. बोटीवरचा त्याचा सोबती धाकलू खालापूरचा. त्याने येऊन सांगितलं की बंदरामागच्या चिनी गल्लीत डिमसम नावाचा पदार्थ करतात, पातळ पारीत सारण भरून टोपलीत उकडलेला. वाल्मिकने तसल्याच एका खानावळीत आईच्या पद्धतीने सारण करून दाखवलं, मालक खूश झाला आणि त्याने त्याला ठेवून घेतलं. खानावळ कुठली? धाकलूने हात वर केले. पाट्या सगळ्या चिनी, आणि खानावळी ढीगभर.

"कुनाला इचारू नका हां," ठकूबाई त्याच्या घराच्या ओट्याशी उभी राहून सांगत होती. "त्याच्यापाशी कागद नाय. इचारलंत तर दडवतील त्याला. नुसतं बसायचं आनि खायाचं. जिथं माझ्या हातची चव लागंल, तिथं माझा वाल्मिक."

तिच्या हातची चव म्हणजे जवळ्याचे गोळे. छप्पन साली धर्म बदलला तसा तिने गणपती सोडला, पण कळ्या पाडायची हातातली कला कुठे सोडणार? गूळखोबरं गेलं आणि त्या जागी लसूण ठेचून भाजलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, आली. मोदक हे नाव तेवढं तिने टाकलं, गोळे म्हणायची.

"तुमाला काय सांगायचं," ती म्हणाली, "चव तुमाला ठावी हाय."

गोपाळकृष्णाने मान डोलावली. म्हातारीला धीर द्यावा एवढंच त्याच्या मनात होतं. मान डोलवायला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण ती फार डोलावतो.

कोबेत त्याने कारखान्यातल्या तानाका नावाच्या कारागिराला विचारलं, इथे चांगलं डिमसम कुठे मिळतं? तानाकाची कळी खुलली. इतके दिवस हा पाहुणा भात आणि घरचं मेतकूट खाऊन राहत होता, त्याला अखेर जिभेची आठवण झाली! दर रविवारी तो त्याला नव्या खानावळीत नेऊ लागला. बंदरामागच्या गल्लीत, स्टेशनाच्या पाठीमागे, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर. बांबूच्या टोपलीचं झाकण उघडलं की वाफ तोंडावर यायची, आत पांढरे चुणीदार घास बसलेले असायचे. तानाका एकामागून एक उचलायचा, डोळे मिटायचा. गोपाळकृष्ण चहा प्यायचा आणि पोट बिघडल्याचं सांगायचा. मग भटारखान्याच्या दाराकडे मान लांब करून बघत बसायचा. दार उघडायचं, वाफेत कुणाचा तरी खांदा दिसायचा, दार मिटायचं. पोट बिघडलेला माणूस दर रविवारी खानावळ का शोधतो, हे तानाकाने कधी विचारलं नाही. सज्जन माणूस.

असे बरेच रविवार गेले. नुसत्या चहाने मित्र सापडणार नाही हे गोपाळकृष्णाला दिसत होतं. अखेर एका दुपारी, अण्णांना, म्हणजे आपल्या वडिलांना, मनातल्या मनात हात जोडून त्याने एक घास उचलला आणि तोंडात टाकला. मांसमच्छी, जन्मात पहिल्यांदा. गिळवेना, थुंकवेना. कसाबसा चावला, आणि चावता चावता थांबला.

हे ठकूबाईच्या हातच्यासारखं आहे की नाही? ठकूबाईच्या हातचं कसं असतं?

तेव्हा त्याला शाळेमागची चिंच आठवली. पावसाळ्यात वाल्मिक पितळी डबा उघडून पुढे करायचा. "घे की रं. आयनं तुझ्यासाटी ज्यादा घातल्यात." आणि गोपाळकृष्ण म्हणायचा, नको, घरी कळलं तर अण्णा रागावतील. जवळ्याचं निमित्त होतं. डब्यात कोरडी भाकरी असती तरी त्याने हात लावला नसता. वाल्मिक मग सगळे गोळे एकटाच संपवायचा आणि रिकामा डबा घरी न्यायचा.

त्यानंतर तो प्रत्येक खानावळीत जेवला. आधीच्या खानावळींतही पुन्हा गेला. कोळंबीचे, डुकराच्या मांसाचे, कसलेही. कुठे लसूण लागला, कुठे आलं, एके ठिकाणी सुकटीसारखं काही. त्या ठिकाणी तो तीनदा गेला. पण आंधळ्याने रंग निवडावा तशी गत. तानाका टाळ्या वाजवत होता आणि गोपाळकृष्णाला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. विमानात बसेपर्यंत त्याला काहीच कळलं नाही.

कर्जतला परतल्यावर चार दिवस त्याने ठकूबाईकडे जायचं टाळलं. पाचव्या दिवशी गेला. ती चुलीपुढे बसली होती. त्याला बघून पदर सावरून उठली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सगळीकडं खाल्लंत?"

"सगळीकडे."

"आनि?"

गोपाळकृष्णाने मान खाली घातली.

"नाय लागली चव," ती हळू म्हणाली. "तुमाला तर केवडी आवड. वाल्मिक रोज सांगायचा, आय, गोपाळनं निम्मा डबा फस्त केला, उद्या अजून घाल. मी घालायची." ती खाली बसली. "तुमाला वळखू येनार नाय असं व्हनार नाय. मंजी माझा पोर तिथं नाय. गेला माझा पोर."

तिने पदर तोंडाला लावला. गप्प राहिलो तर हिचा मुलगा मेला, आणि बोललो तर वाल्मिकने आईसाठी इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट मोडली. त्याची स्वतःची लाज तर वेगळीच.

"मी कधी खाल्लेच नाहीत," तो म्हणाला. "एकही नाही. तो द्यायचा, मी घ्यायचो नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं सांगायचा. मला तुमची चव माहीतच नाही, ठकूबाई. तो तिथे असेलही. मी त्याच्या दारात जेवून आलो असेन, मला कळलं नसेल."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"एकबी नाय?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"मंजी त्यो असंल तिथं," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, उठली, आणि भांड्यावरचं झाकण काढलं. खाली हळदीचं पान, वर गोळे. गोपाळकृष्ण येईल म्हणून चार दिवस रोज करत होती. तिने ताटलीत दोन घातले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"खा."

त्याने एक खाल्ला. तिखट, खारट, लसणाचा झणका, आणि शेवटी आमसुलाचा आंबटपणा. हे त्याला अंधारातसुद्धा ओळखता आलं असतं. कोबेत कुठे लागलं होतं का, ते मात्र आता काही केल्या आठवेना. सगळ्या खानावळी तोंडात एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कारखाना एका माणसाला एकदाच पाठवायचा. पुढच्या वर्षीच्या माणसाचं नावसुद्धा ठरलं होतं.

"नीट चाव," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज आता पुष्कळ मोकळा झाला होता. "जिभेवर राहू दे. पुढल्या खेपंला वळखशील, नाय रं?"

"हो," गोपाळकृष्ण म्हणाला, आणि दुसरा गोळा उचलला.